हळदीच्या होडीतला जनरेटर

विजेवर चालणारी होडी मी स्वतः बनवली आहे आणि ती उत्तम चालते. फक्त जाते, परत येत नाही.

पोलादपुरात माझं मोटारी रिवायंडिंग करण्याचं दुकान आहे. पुरानंतर कुणीतरी विकायला काढलेली फायबरची होडी मी घेतली, तिला ई-रिक्षाची मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या आणि महाडच्या बंदरावर सावित्रीत सोडली. आवाज नाही, धूर नाही, वास नाही! (हे तिन्ही लक्षात ठेवा.)

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्याचं, निलेशचं, लग्न होतं. नवरी खाली खाडीकाठच्या गावची. आमच्याकडे नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद तेलासकट नवरीच्या घरी न्यायची असते, आणि ती पोचेपर्यंत नवरीला हळदीचं बोटसुद्धा लागत नाही. नेमका हळदीच्या सकाळीच हायवे चाकरमान्यांच्या गाड्यांनी तुंबलेला! निलेशची आई, म्हणजे माझी शालनवहिनी, हळदीचं ताट धरून रडकुंडीला आली.

"वहिनी, माझी होडी हाय ना!" मी छाती काढून म्हणालो.

"ती? अर्ध्या वाटेत मरते ती?" माझ्या बायकोने, सुमनने, अख्ख्या मांडवासमोर विचारलं.

पण मी तयारीत होतो. मांडववाल्याचा पेट्रोलचा जनरेटर उचलून थेट होडीत ठेवला. जनरेटर चार्जर चालवणार, चार्जर बॅटरी भरणार, बॅटरी मोटर फिरवणार. या हिशेबाने होडी अरबस्तानापर्यंत जायला हरकत नव्हती!

वहिनी, सुमन आणि मी निघालो. जनरेटर सुरू झाला आणि काठाला डुंबणाऱ्या म्हशी उठून चालत्या झाल्या. वहिनी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या.

"भावजी, ह्यो पेट्रोलवर चालतो?"

"हो!"

"मंग ह्यालाच पंखा लावायचा होता! मधी एवढी वरात कशाला?"

मी ऐकू न आल्याचं सोंग केलं. त्या आवाजात ते सोपं होतं.

तरी बॅटरीचा काटा खालीच चालला! चार्जर चमच्याने भरत होता आणि मोटर तांब्याने पीत होती. त्यातून जनरेटरचं वजन. इतक्यात एक मोठी होडी शेजारून गेली, आमची गदागदा हलली आणि जनरेटर खक्कन बंद. लाल दिवा लागला, म्हणजे इंजिनातलं तेल कमी! (होडी हलली तरी तो दिवा लागतो. हे मला दुकानात माहीत असतं, पाण्यात आठवलं नाही.) पाठोपाठ बॅटरीनेही मान टाकली. खाडीला भरती लागली होती. होडी आपणहून महाडकडे निघाली!

"अवो, नवरी तिकडं ऱ्हायली, आपण चाललो कुठं?" सुमन किंचाळली.

"पोरगी पाटावर बसून हाय रे देवा!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. एकुलत्या एका लेकाची हळद, आणि मी तिची ही दशा केली! मला खरंच धडकी भरली.

माझी नजर ताटावर गेली. तिथे हळदीच्या वाटीशेजारी तिळाच्या उष्ट्या तेलाची बाटली होती.

"नाय हां! अजिबात नाय!" सुमन म्हणाली, पण तोवर मी बाटली इंजिनात रिकामी केली होती.

आणि जनरेटर चक्क सुरू झाला! आधी पापड तळल्याचा वास सुटला. मग एवढा पांढरा धूर उठला की होडीचं पुढचं टोक दिसेना. मग सायलेन्सर काळं तेल थुंकू लागला. वहिनी वाटीवर ओणव्या झाल्या आणि सगळे शिंतोडे स्वतःच्या तोंडावर घेतले.

रखडत, थांबत, एकदाचं गाव आलं. धक्क्यावर माणसं बादल्या घेऊन उभी! आम्ही जीव तोडून ओरडतोय, "आग नाय! आग नाय!" पण ऐकतो कोण? बादल्या आमच्यावर रित्या झाल्या.

नवरीची आजी पुढे आली. वहिनींचं तोंड बघून तिचे डोळेच पांढरे झाले.

"अगो बाय, हळद आणलीव का काजळ?"

वहिनींनी पदर बाजूला केला. वाटीतली हळद कोरडी, पिवळीधमक! माझा जीव भांड्यात पडला.

"आणि तेल कुठं हाय?" आजीने विचारलं.

सुमनने जनरेटरकडे बोट दाखवलं.

आजी त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे, नवऱ्याचं उष्टं तेल आमच्या पोरीच्या आधी ह्याला लागलं?"

मग आजीने वाटीत बोट बुडवलं, जनरेटरला हळदीचा टिळा लावला आणि आपल्या सुनेला म्हणाली, "चल गो, आता घरचं तेल काढ. पोरीचा नंबर दुसरा!"

लग्न झोकात झालं. आम्ही मात्र टेम्पोने परतलो. निलेशची बायको माहेरी जाऊन आली, की आजीचा निरोप ठरलेला असतो: "काकांना सांग, तुमची होडी हितंच बांधलेली हाय. न्यायला या, पण येताना गाडीनं या."