वाळवीतून उरलेला शब्द

डोंबिवलीत आमचा देव्हारे करायचा कारखाना आहे. मोर, पोपट, कमळ मी झोपेतही कोरीन, अशी माझी घमेंड. कोलशेतच्या एका बाईंनी सासऱ्यांनी इराणहून आणलेली जुनी दाराची जोडी दुरुस्तीला दिली आणि ती घमेंड पहिल्याच दिवशी उतरली.

मधोमध तारे होते, लाकडाचे लहान लहान तुकडे एकमेकांत अडकवून केलेले. एकही खिळा नाही. भोवती वेल. तिची एक फांदी बोटानं धरून निघालो, तर ती दुसरीच्या खालून गेली, तिसरीच्या वरून आली आणि मी फिरून होतो तिथेच. कुठेही छिन्नी घसरलेली नाही. खालच्या पट्टीत त्या वेलीतूनच फारसी अक्षरं उभी राहिली होती. मला त्यातलं ओ की ठो कळेना, तरी बघत बसलो. चहा दोनदा गार झाला.

डाव्या दाराची ती पट्टी वाळवीनं खाल्ली होती. म्हटलं, सोपं आहे. देव्हाऱ्याच्या दारांवर डावीकडचा पोपट उजवीकडच्याकडे बघतो. एकाचा कागद उलटा केला की दुसरा तयार. ती अक्षरंही मला वेलीसारखी नक्षीच वाटली. उजव्या पट्टीचा छाप घेतला, उलटा केला आणि आठ दिवस खपून सागावर कोरला. जुनी पट्टी खरवडून काढली, नवी बसवली. अगदी बेमालूम.

बाई बघायला आल्या त्या खोपटच्या एका म्हाताऱ्या सरांना घेऊन. सरांनी जन्मभर फारसी शिकवलेली. उजवी पट्टी त्यांनी मोठ्यानं वाचली, "हे काम उस्ताद..." आणि डावीकडे येऊन थबकले.

"अहो, हे काय केलंत? सगळं आरशातल्यासारखं उलटं कोरलंय. त्या 'उस्ताद'च्या पुढे इथे कारागिराचं नाव होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं काम करून त्या माणसानं कोपऱ्यात फक्त आपलं नाव ठेवलं होतं, आणि तेच मी खरवडलं.

"जुने तुकडे टाकलेत का?"

टाकले नव्हते. काम घरी पोचेपर्यंत गिऱ्हाइकाची ढलपीही आम्ही फेकत नाही. मी गोणी आणली. सर तासभर तुकडे जुळवत होते. बहुतेकांचा हातातच भुगा झाला. शेवटी बोटभर एक राहिला.

"नाव गेलं," सर म्हणाले. "शेवटचा शब्द तेवढा उरलाय. नज्जार."

"म्हणजे?"

"सुतार."

आठ दिवसांची माझी कारागिरी मी तिथल्या तिथे उखडली. जागी साधा साग बसवला, बिननक्षीचा, आणि त्याच्या डाव्या टोकाला तो तुकडा.

"अहो, एवढी जागा मोकळीच?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच कोरा ना काहीतरी छान."

"ती जागा त्याची आहे, बाई," मी म्हटलं.