परडीतली सही

बंगळूरच्या चामराजपेटेत कमलाक्काला कोण ओळखत नाही! चौसष्ट वर्षांची बाई, अंगानं काडी, पण आवाज असा की भाजीवाला ती कोपऱ्यावर दिसताच भाव उतरवतो. घराणं मराठी, शेकडो वर्षांपूर्वी इकडं आलेलं आणि इथंच मुरलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडायची वेळ आली की दोन्ही एकदम.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. एकतीस वर्षं तिनं चर्चच्या एका समाजसेवी संस्थेत टायपिस्ट म्हणून काढली. सकाळी घरी भवानीची पूजा, दिवसभर फादरांची पत्रं. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायची, "माझी देवी एवढ्यातेवढ्यानं रुसत नाही हो!" निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अडलंनडलं काम आलं की फादर तिलाच फोन करत.

यंदाचं काम मात्र टायपिंगचं नव्हतं. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात एक जुनी चाल सांगितली आहे: पन्नास वर्षांतून एकदा कर्जं सोडून द्यायची, बांधला गेलेल्याला मोकळं करायचं. त्याच आधारावर चर्चची मंडळी मागणी करत होती की गरीब देशांच्या डोक्यावरची न फिटणारी कर्जं रद्द करा. फादरांची संस्था बंगळूरच्या प्रार्थनास्थळांच्या सह्या गोळा करून धनको देशांच्या सरकारांना पाठवणार होती. चर्चच्या झाल्या होत्या, एका मशिदीची झाली होती, गुरुद्वाऱ्याची झाली होती. "तुमच्या देवळाची मिळेल का, कमला?" फादरांनी विचारलं.

"न मिळायला काय झालं?" ती फाडकन म्हणाली.

तिला ती सही हवीच होती. तिच्या माडीवरच्या खोलीत चिकोंदी राहायची. आफ्रिकेतल्या मलावीची पोरगी, इथं नर्सिंग शिकायला आलेली. जूनमध्ये तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली. रक्त थांबेना. गावच्या दवाखान्याकडं गाडी होती, पण गाडीत डिझेल नव्हतं, आणि डिझेलला पैसा नव्हता. पैसा कर्जाच्या व्याजात जातो, असं म्हणे तिथल्या साहेबानं सांगितलं. चिकोंदी जिन्यात बसून हे सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगत होती. शेवटी तिनं विचारलं, "अक्का, ते कर्ज माझ्या बहिणीनं घेतलं होतं का?"

कमलाक्कानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली.

आता देवळाचं. समितीचे अध्यक्ष शरच्चंद्र अण्णा, वय बहात्तर, बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त. माणूस धुतल्या तांदळासारखा. देवळाच्या प्रसादातला लाडूसुद्धा पैसे टाकल्याशिवाय घेणार नाही. बाकीचे सगळे "अण्णा म्हणतील ते" म्हणून मोकळे. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"घेतलं ते फेडायचं, कमला. न फेडता मेलो तर मागच्यांना छळतं ते. मी एकाला सोडलं, तर पोटाला चिमटा काढून भरणाऱ्या दहा जणांना काय सांगू?"

"पण अण्णा, खाल्लं कुणी आणि मेलं कोण!"

"ते वाईटच झालं. पण ज्यावर माझा विश्वास नाही, त्यावर मी देवीच्या नावानं सही करणार नाही."

तीन बैठका झाल्या. तीनदा हेच. कमलाक्का घरी येऊन भांडी आपटायची. आणि मग आलं नवरात्र.

भवानी ज्यांची कुलदेवी, त्या घराण्यांत नवरात्रातल्या मंगळवारी जोगवा मागतात. कितीही श्रीमंत बाई असो, गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन पाच दारी उभं राहायचं आणि आईच्या नावानं मागायचं. मागणारीनं ताठा सोडायचा, आणि देणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. दारात आलेला जोगवा रिकामा जात नाही, आणि परडीत पडलेलं परत घेता येत नाही.

चार घरं झाली. पाचवं अण्णांचं. "आईचा जोगवा!" कमलाक्कानं दारात हाळी दिली. अण्णांची बायको प्रतिमा सुपात तांदूळ घेऊन आली, हळदकुंकू लावलं, तांदूळ परडीत ओतले.

"पावलं, वहिनी," कमलाक्का म्हणाली, "पण आईला आज अण्णांच्या हातचंही हवंय." आणि तिनं पदराआडून फादरांचा कागद काढून तांदळांवर ठेवला.

अण्णा बाहेर आले. कागद पाहिला, परडी पाहिली, गळ्यातल्या कवड्या पाहिल्या. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

जिंकली की हो कमलाक्का! घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. चिकोंदीनं सहीचा फोटो काढून आईला पाठवला आणि त्या जूननंतर पहिल्यांदा हसली.

गुरुवारी सकाळी प्रतिमावहिनी आल्या. चप्पलही न काढता म्हणाल्या, "हे मंगळवारपासून पूजेला बसले नाहीत. नवरात्रात, अक्का! नंदादीपात तेल मी घालते. म्हणतात, मनात नसताना आईच्या परडीत खोटं टाकलं, आता कुठल्या तोंडानं तिच्यापुढं बसू? आणि परत तरी कसं मागू?"

"अय्यो, एका सहीचं एवढं काय!" कमलाक्का उसळून बोलली. वहिनी आल्या पावली निघून गेल्या.

पण मग तिचा हात कशात लागेना. तव्यावर पोळी करपली. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. ज्याला नाही म्हणता येणार नाही, अशा माणसाला तिनं दारात गाठलं होतं आणि कागद पुढं केला होता. अडलेल्या देशांकडून करारावर सह्या घेणाऱ्यांनी तरी निराळं काय केलं असेल? त्यांच्याकडं निदान देवी नव्हती.

यादी उद्या जायची होती. तिनं चिकोंदीला खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले. फोनवर आईचं उत्तर होतं, देवाचे आभार मानलेले. तिनं फोन पालथा ठेवला.

"परत दे, अक्का," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नावानं कुणाला बांधू नकोस."

कमलाक्का तशीच घरच्या साडीवर निघाली. अण्णा पडवीत बसले होते. दाढी वाढलेली, समोरची कॉफी गार झालेली. तिनं कागद त्यांच्या हातात ठेवला.

"अण्णा, हा तुमचा. परडी मी धरली होती, चूक माझी आहे. आईला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही मोकळे."

अण्णांनी वर पाहिलं. "आणि बदल्यात काय हवंय?"

"काही नाही."

"पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा आणशील."

"नाही आणणार. यादी उद्या जाते, आपल्या देवळाशिवाय जाईल. तुम्ही मोकळे आहात, अण्णा. सरी? ठीक?"

अण्णांनी कागद मांडीवर ठेवून वर तळहात दाबला.

"धाकट्या भावानं कारखान्यासाठी पैसे उचलले होते," ते म्हणाले. "जामीन मी. वर्षभरात तो अपघातात गेला. अठरा वर्षं भरले मी. राजाजीनगरचं घर विकलं. आमच्या मुलीला, स्मृतीला, डॉक्टर व्हायचं होतं, तिला चुलत्याचं कर्ज आहे म्हणून सांगितलं, आणि पोर एका शब्दानं बोलली नाही. दिवसभर लोकांकडून वसूल करायचो आणि पहिल्या तारखेला स्वतःचं भरायचो. शेजारच्या माणसालाही कधी कळू दिलं नाही."

आत प्रतिमावहिनींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"अठरा वर्षं, कमला," अण्णांचा आवाज फुटला आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. "अठरा वर्षांत मला कुणी एकदासुद्धा म्हटलं नाही गं, की तू मोकळा."