आईचं नेलकटर

एसटी स्टँडवर एक बाई लेकीची नखं कापत होती. एक हात झाला तसा पोरीने न सांगता दुसरा पुढे केला. माझी गाडी लागली तरी मी बघतच बसले.

माझी आई पहिलीच्या वर्गाला शिकवायची. सोमवारी प्रार्थनेनंतर नखं तपासायची. कुणाची वाढलेली दिसली तर ओरडायची नाही, पर्समधून नेलकटर काढायची. रविवारी तेच नेलकटर घेऊन सरकारी दवाखान्यात जायची, ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा पेशंटची नखं कापायला. घरी येईपर्यंत दिवेलागण झालेली असायची, आणि दिवे लागल्यावर नखं कापायची नाहीत. त्यामुळे सोमवारी वर्गात हमखास माझीच नखं वाढलेली. बाईंची मुलगी असून मी रांगेत सगळ्यांत शेवटी, गाल फुगवून उभी.

तिच्या अखेरच्या आजारपणात मी दवाखान्यात तिचा हात हातात घेतला आणि नेलकटर उघडलं. ती म्हणाली, "आधी शेजारच्या आजींची काप. त्यांचं कुणी येत नाही."

आजींचे दोन्ही हात झाले, पाय झाले. वळून पाहिलं तर आई अजून जागी होती. दोन्ही हात चादरीबाहेर काढून, आपला नंबर यायची वाट बघत.