सिस्टरचा कोर्स आणि धनाजीचे उपास

खरं तर हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. नुसता संताप येत होता. पण कोर्सच्या जागा अजून रिकाम्या आहेत म्हणून लिहिलंच.

लक्ष्मम्मा उमरग्याच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगावर पांढरा कोट. सीमेपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या आणि त्यांच्याच उमरग्यातल्या छोट्या दवाखान्यात एकतीस वर्षं राबताहेत. दर गुरुवारी त्या बायकांना गोळी न घेता पाळणा कसा लांबवायचा ते शिकवतात. पाळीचे दिवस मोजायचे, अंगावरून काय जातं ते बघायचं, कॅलेंडरवर खुणा करायच्या, जोखमीच्या दिवसांत नवरा-बायकोनं लांब राहायचं. याला नैसर्गिक कुटुंब नियोजन म्हणतात. पण 'नियोजन' एवढं ऐकलं की निम्म्या बाया "आपरेशन नगं बाई" म्हणून चपला शोधायला लागतात. एकतीस वर्षं हेच!

आता तीन वर्षांनी लक्ष्मम्मा रिटायर होणार. त्यांच्या जागी कोण? मिशनच्या नर्सिंग स्कूलला तीन वर्षांचा कोर्स आहे, त्यातच हे शिकवायचं ट्रेनिंग, पास झालं की नोकरी. अख्ख्या भागातून एकच पोरगी तयार झाली. लोहाऱ्याजवळच्या वस्तीवरची करिश्मा, बारावी सायन्स. फॉर्म भरून तयार, फक्त बापाची सही राहिली. आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख!

म्हणून त्या दिवशी लक्ष्मम्मा जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिसऱ्यांदा वस्तीवर गेल्या. करिश्माचे वडील, धनाजी, मेंढराची लोकर कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सही न्हाय करणार म्या. पोरगी सिस्टर झाली तर लगीन कोण करंल तिच्याशी?"

"सिस्टर म्हंजे नर्स हो, धनाजी!"

"व्हय की. म्या बघितल्यात तुमच्या मिशनमदल्या सिस्टरा. पांढरं लुगडं, ना कुकू ना नवरा. जन्मभर देवाचं करायचं."

लक्ष्मम्मांनी कपाळावर हात मारला. "अवो, त्या नन, मिशनच्या जोगिणी! दवाखाना त्यांचा हाय. आमी नुसत्या तिथं शिकलेल्या. मी पण सिस्टरच, आणि तीन लेकरांची आई हाय. माझा नवरा घरी भाकरीची वाट बघत बसलाय, फोन लावून देऊ?"

करिश्मा दारात उभी. तिला हसू आलं आणि रडूही. हातातला फॉर्म घामानं ओला.

"बरं, त्ये ऱ्हाऊद्या," धनाजी अडूनच बसले. "पण तितं गेल्यावर आपला देव सोडायला लावत्याल. आमच्या घरात लई कडक हाय. करिश्माची आई म्हैन्याला धा-धा दिस व्रत पाळती, म्या बी पाळतो तिच्यासंगं. आठ वरसं झाली. असल्या घरातली पोर मिशनमदी?"

आतून बानूबाईचा, म्हणजे करिश्माच्या आईचा, पीठ मळायचा आवाज थांबला.

लक्ष्मम्मांनी हळूच विचारलं, "धा दिवसांचं कुठलं व्रत हो?"

"कॅलेंडरवर लाल टिकल्या लावती की ती. टिकली आसंल त्या दिशी आंथरूण येगळं."

लक्ष्मम्मा ताडकन उठल्या. "बानू! भाईर ये आधी!"

बानूबाई पदर तोंडात धरून बाहेर आली.

"नवऱ्याला सांगून कर म्हणलं होतं की न्हाय मी? दोघांनी मिळून ठरवायचं असतंय हे! आठ वर्षं तू ह्यांना फसीवलंस?"

"सांगून ऐकलं असतं व्हय ह्येंनी?" बानूबाई एकदम उसळली आणि नवऱ्याकडं वळली. "धाकट्याच्या टायमाला मरता मरता वाचले मी. तवा ह्या बाईंनी शिकीवलं. तुमाला म्हणले, देवाचं हाय. देवाचं म्हणल्यावर गप बसलाव."

धनाजींच्या हातातली कातर तशीच राहिली. मेंढरू सुटलं आणि अर्धी लोकर घेऊन पळालं. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

"म्हंजे आठ वरसं म्या..." ते लक्ष्मम्मांकडं बघत म्हणाले, "ह्या बाईचा उपास धरला?"

"आणि घराचं वाटोळं झालं का?" बानूबाई म्हणाली. "देव कुठं गेलाय का आपला? त्यो बघा, खंडोबा देव्हाऱ्यातच हाय."

मग धनाजी बायकोकडं न बघताच म्हणाले, "मला सांगायचं तरी हुतं गं. म्या काय राक्षस हाय?" त्यांनी हात धोतराला पुसला, पेन मागितलं, आणि इतकी दाबून सही केली की कागद फाटायला आला.

"लगीन मात्र हुतंय ना?"

"व्हय हो!" लक्ष्मम्मा ओरडल्याच.

करिश्माचं झालं. पण चार जागा अजून तशाच आहेत, आणि त्यांची तारीख महिनाअखेरपर्यंत वाढवलीय. कुणाच्या घरात बारावी झालेली पोरगी असेल, किंवा नुसतंच टिकल्यांचं समजून घ्यायचं असेल, तर उमरग्याला लक्ष्मम्मांना जाऊन भेटा. याच गुरुवारी जा. आणि प्लीज, घरातल्या माणसाला सांगून, सोबत घेऊनच जा.