पानाआडची काकडी

त्या वर्षांत मी एका औषध कंपनीची जीप चालवायचो. आमचे साहेब जळगावकडच्या गावांत फवारणीचं औषध खपवायचे. अंगात इस्त्रीचा सफारी, आणि प्रत्येक वाक्याआधी एकदा खाकरणं.

नशिराबादच्या सभेत एका म्हातारीने काकड्यांची पाटी पुढे ठेवली. "काल फवारनी करी. आज खावाले चाले का?"

साहेब खाकरले. "अक्का, ऊन लागलं की औषध उडून जातं. खुशाल खा."

"पानखाले ऊन कोठे लागस?" असं म्हणत तिने एक काकडी मोडून त्यांच्यापुढे धरली.

"आज माझा उपास आहे."

"उपासले काकडी चालस, भाऊ."

मंडपात हशा पिकला. साहेबांनी तुकडा हातात घेतला, पण तोंडात काही घातला नाही. ते पाहून म्हातारीने बाजाराला निघालेली सगळी पाटी उकिरड्यावर ओतली. ती मात्र हसत नव्हती.

आठवड्याने पहूरला साहेब खाकरून म्हणाले, "पानाआडच्या काकडीला ऊन लागत नाही, तिथे औषध टिकून राहतं. आठ दिवस तोडू नका. हे आमच्या कंपनीचं नवं संशोधन आहे!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सांगितलं ते खरंच होतं.