मी पाणी प्रकृतीचा कसा ठरलो

माझ्याकडे निळ्या फुलांची एक जयपुरी रजई आहे. वजनाला हलकी, उबेला चांगली. तिच्यात एकच खोट आहे. ती मी दुकानदाराने सांगितलेल्या पहिल्याच भावाला घेतली. अंगावर ओढली की ऊब येते ती कापसाची किती आणि संतापाची किती, हे मला अजून सांगता येत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील रेल्वेत फिटर होते, भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो. वडील नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी मला घेणार होते, पण पहिल्याच दिवशी कचेरीतल्या बाबूशी माझं वाजलं आणि ते राहिलं. मग झोटवाड्यात एका कारखान्यात पत्रा कापायला शिकलो, आणि पुढे तिथेच स्वतःची शेड टाकून कूलर बनवायला लागलो. जयपूरच्या उन्हाळ्यात कूलर विकायला जिभेची गरज पडत नाही, पण माझी जीभ मोकळी बसणारी नव्हती. पत्रा घ्यायचा तर भांडून, कूलर विकायचा तर भांडून.

माणसं ओळखायला मी त्या शेडमध्येच शिकलो. गिऱ्हाईक आत आल्यावर ज्या कूलरकडे मुद्दाम बघत नाही, तोच त्याला हवा असतो. 'पंखा फार आवाज करतो' म्हणून नाक मुरडणारा घेऊन जातो. 'वा, काय काम आहे भैया' म्हणणारा पाणी पिऊन जातो. एवढं शास्त्र मला पुरत होतं. दुसऱ्या कोणाच्या शास्त्राची मला गरज नव्हती, पण ते घरी चालून आलं.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायचं होतं. आधीची दोन स्थळं माझ्यामुळे मोडली होती. मुलीत काही उणं नव्हतं, पण 'भाऊ तापट आहे' असा निरोप दोन्ही घरांतून आला. जयपुरात आपली मराठी घरं मोजकी, त्यामुळे माझी कीर्ती सगळीकडे आधीच पोचलेली असायची. तिसरं स्थळ मात्र शहरात नुकतंच बदलून आलेलं होतं. वडील विमा कचेरीत अधिकारी, मुलगा बँकेत. आणि मुख्य म्हणजे बहिणीने त्या मुलाला गणपतीच्या कार्यक्रमात पेटी वाजवताना पाहिलं होतं आणि घरी येऊन आईला तीनदा सांगितलं होतं की तो बेसूर वाजवतो. बहीण कुठल्या जातीचं गिऱ्हाईक आहे, ते मला तिथेच कळलं.

आईने मला बजावलं. "हे बघ भाऊ, या वेळी तोंड उघडायचं नाही. पोरीचं मन बसलंय."

"मी कधी तोंड उघडतो?"

"आत्ताच उघडलंस."

मुलाचे वडील, त्यांना मी काका म्हणत असे, मुलाला घेऊन घरी आले, पण पत्रिका मागायला नाही. त्यांच्या कचेरीने त्यांना कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं होतं. समोरचा माणूस कुठल्या स्वभावाचा आहे ते ओळखून त्याला विमा कसा विकायचा, हे तिथे शिकवलं होतं. त्यांचे आजोबा वैद्य होते. वात, पित्त, कफ घरातलेच. दोन्ही एकत्र कालवून काकांनी स्वतःचं एक शास्त्र तयार केलं होतं. माणसं चारच प्रकारची: आग, पाणी, वारा आणि माती.

पोह्यांची बशी बाजूला सारून त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, भात करपला तर तुम्ही आधी काय करता?"

"खाते," आई म्हणाली.

"माती!" काका खुशीत आले. "अस्सल माती. आणि मुली, तू?"

"मी करपूच देत नाही," बहीण म्हणाली.

"वारा. चपळ आहे. छान." मग पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आमचा आग आहे. दिसत नाही, पण आहे. म्हणून मला घर बघायचंय. सासुरवाडीतही आग असली तर आयुष्यभर मी बंब घेऊन मधे उभा."

मुलगा छताच्या पंख्याकडे बघत होता. बंब लागेल असं त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

मग काका माझ्याकडे वळले. पण त्यांनी प्रश्न विचारला नाही. "पुरुषाची प्रकृती घरात कळत नाही," ते म्हणाले, "ती बाजारात कळते. मला रजई घ्यायचीच आहे. रविवारी जौहरी बाजारात या. तुम्ही तुमच्यासाठी एक घ्या, मी बघतो."

आता हा सापळा कसा होता ते जयपूर माहीत असलेल्यालाच कळेल. तिथे दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव हा भाव नसतो. तो रामराम असतो. तुम्ही हसायचं, उठायचं, त्याने हात धरून बसवायचं, चहा मागवायचा, मग खरं बोलणं सुरू. पहिल्या भावाला हो म्हणणं म्हणजे रामरामाला उत्तर न देता पुढे निघून जाणं. शेठलासुद्धा ते आवडत नाही.

रविवारी शेठने गादीवर निळ्या फुलांची रजई उलगडली आणि भाव सांगितला. असा भाव की माझे कान गरम झाले. काका शेजारी मांडी घालून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मला बहीण दिसली, ती बेसूर पेटी दिसली. मी म्हणालो, "ठीक है. बाँध दो."

शेठला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने भाव परत सांगितला, सावकाश.

"हाँ, हाँ. बाँध दो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "साहब, तबीयत तो ठीक है ना?"

इथवर मी सोसलं असतं. पण आता काका पुढे सरकले. म्हणाले, मलाही हीच द्या. आणि या गृहस्थांनी माझ्यादेखत घासाघीस केली! तीही किती वाईट. रजई छातीशी धरून, 'फारच सुंदर आहे हो' म्हणत. माझ्या शेडमध्ये असं कोणी आलं असतं तर मी त्याला दुप्पट भाव लावला असता. पण शेठ आधीच माझ्या जिवावर तृप्त झालेला, त्याने त्यांना भाव उतरवून दिला. तीच रजई, तीच फुलं, तेवढंच वजन. मी शेजारी बसून हसत होतो. ते हसू अजून माझ्या जबड्यात दुखतं.

"पाणी!" बाहेर आल्यावर काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शुद्ध पाणी. सोयरीक पक्की."

वाटलं, सुटलो. सुटलो कसला! लग्नाच्या खरेदीला काका माझ्याबरोबर यायला लागले. "तुमच्याबरोबर बाजारात कसं शांत वाटतं," ते स्कूटर चालवताना मागे वळून म्हणायचे. साड्या घेतल्या, मी पाणी. बिछाने घेतले, मी पाणी. मांडववाल्याने तोंडाला येईल ते सांगितलं, मी मान डोलावली. घरी येऊन मी उशीवर बुक्क्या मारायचो. आई म्हणायची, "मार, उशीला मार. पोरीचं होऊन जाऊ दे."

शेवटी भांडी राहिली. त्रिपोलिया बाजारात गेलो. काका बाहेर प्याज कचोरी घ्यायला थांबले, मी दुकानात शिरलो. आतल्या बाजूला दुकानदाराचा मुलगा नोकराला सांगत होता, "वो झोटवाड़े वाले शादी के साहब हैं. सीधे आदमी हैं. जो बोलो, दे देते हैं."

सीधे आदमी! माझी कीर्ती पुन्हा माझ्या आधी पोचली होती, पण ही कीर्ती माझी नव्हती.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण त्रिपोलियाला बरेच दिवस आठवत असावं. मी पातेलं उचलून कानाशी धरलं, नखाने वाजवलं आणि विचारलं की हे भांडं आहे की सिगारेटच्या पाकिटातली चांदी. तो म्हणाला, शुद्ध माल आहे. मी म्हणालो, मी जयपूरभर पत्रा कापतो, मला शुद्ध शिकवतोस? तो चढला, मी चढलो. मी तीन वेळा दुकानातून उठलो, तीन वेळा त्यांनी मला हात धरून बसवलं. शेजारची दुकानं रिकामी होऊन लोक आमच्याकडे आले. शेवटी आतून म्हातारे शेठ बाहेर आले, चहा मागवला, भाव अर्ध्याजवळ आणला, आणि वर एक तांब्या भेट दिला. "अब मज़ा आया," ते म्हणाले. मला तर इतकं हलकं वाटत होतं की मी त्यांना मिठी मारणार होतो.

तेवढ्यात दारात काका दिसले. हातात कचोरीचा द्रोण, तोंडात अर्धी कचोरी. किती वेळ उभे होते कोण जाणे.

स्कूटरवर ते समोर रस्त्याकडेच बघत राहिले. मागे वळलेसुद्धा नाहीत. मी मांडीवर पातेली धरून बसलो होतो आणि एकेक खड्ड्याला ती वाजत होती. तिसरं स्थळही मी मोडलं, एका तांब्यासाठी.

घरी येऊन सांगितलं तर आईने पातेली न बघताच कोपऱ्यात सरकवली. बहीण आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले, बरोबर मुलगा. आई पदर सावरत उभी राहिली. काका खुर्चीत बसले आणि डोळे पुसले.

"रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "एवढा शांत माणूस! बहिणीच्या संसारासाठी स्वतःच्या प्रकृतीविरुद्ध इतकं ओरडला. वहिनी, किती त्रास झाला असेल हो याला. पाणी उकळलं तरी ते पाणीच."

"काका, मी तसाच आहे," मी म्हणालो. आता मला खोटं नको होतं. "मी रोज ओरडतो. झोटवाड्यात कोणालाही विचारा."

"बघा, नम्रता!" काका म्हणाले. "हे पण पाणीच."

मी आणखी काही बोलणार होतो, तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच हसायला लागली. तो मुलगाही हसायला लागला. हे दोघं का हसतात ते आम्हाला कळेना.

"दादा, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," मुलगा म्हणाला. "पोहे झाल्यावर आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं ना, तेव्हाच हिने सांगितलं. म्हणाली, खाली बसलाय तो माझा भाऊ नव्हे. खरा लग्नानंतर दाखवेन."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, चालेल. बाबांना घासाघीस येत नाही, घरात कोणीतरी पाहिजे."

मी बहिणीकडे वळलो. "आणि मला का नाही सांगितलंस? सगळा बाजार लुटून गेला मला! मांडववाला! रजईवाला!"

"सांगणार होते," ती कप मांडत म्हणाली, "पण मतलब... घर इतकं शांत होतं, दादा. आईला दुपारची झोप लागत होती. म्हटलं, लग्नापर्यंत राहू दे."

आईने तोंडाला पदर लावला. तीही हसत होती.

लग्न थाटात झालं. पंगतीच्या वेळी मी आचाऱ्याला जिलब्या मऊ पडल्या म्हणून झापत होतो, आवाज मांडवाच्या पलीकडे जात होता. काका दोन पाहुण्यांना घेऊन तिथे आले आणि अभिमानाने माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे आमच्या सुनेचे भाऊ. पाणी प्रकृती. आत्ता जरा उकळलंय."

आजही ते हिवाळ्यात घरी आले की पलंगावर बसतात, निळ्या फुलांवर हात फिरवतात आणि म्हणतात, "माझ्याकडे अशीच आहे. पण तुम्हाला जरा महाग पडली, नाही का?"

बहीण दाराआडून मला डोळ्यांनी दटावते. मी म्हणतो, "चहा घेणार ना, काका?"