यंदा काडतुसं नाहीत

मी आयुष्यात कधी बंदुकीला हात लावलेला नाही. तरी एके काळी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या आसपास कुठल्या दुकानात काडतुसं आली आणि कुठल्या दुकानात संपली, हे मला तोंडपाठ होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे तिथे पीएचडी करत होते. करत होते म्हणजे काय, प्रबंध एका प्रकरणावर अडून बसला होता आणि गाइड दर आठवड्याला तेच परत लिहायला सांगायचा. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. दिवसभर घर, खिडकी आणि हीटरची टकटक. ते दिवस आठवले की मला अजूनही आधी दमायलाच होतं.

आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक आणि मालकीणबाई. म्हाताऱ्याचा जन्म चुन्याच्या खाणीत गेलेला, मुलंबाळं नाहीत, बोलणं मोजकं. आम्ही पहिल्यांदा त्यांच्या दारात उभे राहिलो तेव्हा माझ्या अंगावर शाल आणि पायात चपला होत्या, बाहेर बर्फ. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेला आणि बायकोचा जुना कोट आणून माझ्या हातात दिला. ह्यांचे वडील ह्यांच्या लहानपणीच गेलेले. तेव्हापासून हे म्हाताऱ्याच्या मागे मागेच असायचे. गटार तुंबलं, चला. गाडीचा टायर बदलायचाय, चला. प्रबंध राहिला बाजूला.

तिथे नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्यानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायचा. शाळांना सुट्टी, आणि सगळं गाव, झाडीत एकमेकांना लांबून दिसावं म्हणून नारिंगी टोप्या घालून, जंगलात. आपल्याकडे दसऱ्याला कसं झाडून सगळे बाहेर पडतात, तसं. म्हातारा पोरवयापासून एकही मोसम न चुकवता गेलेला, तेही वडिलांच्या जुन्या रायफलीसह. यंदा ह्यांनाही नेणार होता. शिकारीला नाही हो, आमचे हे झुरळ मारत नाहीत. नुसतं बरोबर चालायला.

पण त्या रायफलीला एकाच जुन्या मापाची काडतुसं लागायची आणि नेमकी तीच त्या वर्षी बाजारातून गायब झाली. कुणी म्हणायचं कारखान्यात संप झालाय, कुणी म्हणायचं सरकार बंदी आणणार. खरं कुणालाच माहीत नव्हतं. पण उद्या मिळेल न मिळेल या धास्तीने ज्याला एक खोकं लागायचं त्याने सहा उचलली. मग दुकानांत पाट्या लागल्या, माणशी एकच. मग तेही नाही. भाव चढत गेला, आणि ज्यांनी आधी भरून ठेवली होती ते रविवारच्या जुन्या बाजारात ट्रकचा मागचा फळका पाडून तिप्पट भावाने विकायला बसले. मी म्हटलं, अरे देवा, साखर, रॉकेल, डालडा, सगळ्याच्या रांगा मागे टाकून विमानात बसले, आणि इथेही तेच! आमच्याकडे ह्याला काळाबाजार म्हणायचे. इथे म्हणे, ज्याची वस्तू त्याचा भाव.

आणि आमच्या ह्यांना चेव चढला. माणसाला कशाचं तरी फळ हवं असतं. प्रबंधात मिळत नव्हतं, ते ह्यांनी काडतुसांत शोधलं. सकाळी उठून दुकानांना फोन, मग बस पकडून रांगेत उभे. "रांग म्हणजे काय ते ह्या लोकांना ठाऊकच नाही यार," मला सांगायचे, "मी नंबर लावून ठेवतो, कॉफी पिऊन येतो, परत उभा!" लग्नानंतर मी एकदा रॉकेलच्या रांगेत उभं राहायला सांगितलं होतं तेव्हा ह्यांचं डोकं दुखलं होतं. संध्याकाळी हात हलवत परत यायचे. खालून म्हातारा विचारायचा, "मिळाली?" हे वरून म्हणायचे, "उद्या नक्की." रोज तेच. मला त्या प्रश्नाचा इतका वीट आला होता की कान धरून दोघांनाही घरात कोंडावंसं वाटायचं.

अशात एका दुपारी मालकीणबाई वर आल्या. सहसा येत नसत, गुडघे दुखायचे. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या आणि एप्रनच्या खिशातून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. काडतुसांचं. त्याच मापाचं. मी बघतच राहिले.

"हे तुझ्याकडे ठेवशील?" त्या म्हणाल्या. "खाली कुठेही ठेवलं तरी तो शोधून काढेल."

मग त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडले होते. कडेचं थोडंफार दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाला होता, याला औषध नाही. म्हातारा कुणाला कबूल करत नव्हता. गेल्या मोसमात झुडपामागे काहीतरी हललं म्हणून त्याने नेम धरला, आणि बरोबरच्या मित्राने नळी धरून वर ढकलली म्हणून बरं. झुडपामागे शेजारचा माणूस होता. नारिंगी टोपी घातलेला.

"मग त्यांना सांगा ना, जाऊ नका म्हणून," मी म्हटलं.

"कसं सांगू? हे एवढंच उरलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "यंदा ही टंचाई आली. मला वाटलं देवानेच पाठवली. काडतुसंच नसली तर कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. पण हे एक खोकं त्याने गेल्या वर्षी घेऊन गॅरेजमध्ये ठेवलं होतं. मी काढलं. तो रोज गॅरेज उपसतो, म्हणतो, मी इथेच ठेवलं होतं. मी म्हणते, ते तू संपवलंस. आता त्याला वाटायला लागलंय की डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं." आणि एवढी खमकी बाई, पण एप्रन तोंडाला लावून रडायला लागली.

मी आणखी काय करणार होते? आपल्या बायका मोलाची वस्तू जिथे ठेवतात तिथेच ठेवली. आईने पाठवलेल्या गोड्या मसाल्याचा मोठा डबा होता, त्यात पिशव्यांच्या खाली. त्या डब्यात माझ्या बांगड्याही होत्या. नवरे डब्यांना हात लावत नाहीत, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा. ह्यांना मात्र सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ते दोन आठवडे माझे फार वाईट गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नवरा थंडीत कुडकुडत रांगा लावतोय आणि वस्तू माझ्या फडताळात. त्याहून वाईट म्हणजे, मिळालीच कुठे तर हाच माणूस आंधळ्या बंदुकीबरोबर जंगलात जाणार. रोज मनात म्हणायचे, देवा, ह्यांना मिळू देऊ नकोस. जुन्या बाजारातल्या त्या ट्रकवाल्याशी ह्यांनी मंडईत करतात तशी घासाघीस करून पाहिली, तर तो म्हणाला, घ्यायचं तर घे नाहीतर वाट सोड. हे लालबुंद होऊन घरी आले. म्हणाले, "पुढच्या रविवारी तिप्पट तर तिप्पट, घेऊनच येतो." मी म्हटलं, "बघा हं, मग महिनाभर बटाटे." तर म्हणे, "चालतील."

तो रविवार उजाडला. मोसम दुसऱ्या दिवशी. मी तळघरात कपडे धुवायला गेले होते. हे बाजारात जायच्या आधी स्वयंपाक उरकून टाकू म्हणून आमटी करायला उभे राहिले. एरवी प्रत्येक गोष्टीला "अगं, मसाला कुठाय?" म्हणून हाका मारणारा माणूस, नेमका त्या दिवशी शहाणा झाला आणि स्वतः डबा काढला.

मला जिन्यावर धडधड पावलं ऐकू आली आणि ह्यांचा आवाज, "अगं, छुपी रुस्तम आहेस! कुठून मिळवलंस?" मी कपडे टाकून वर पळाले, पण हे थांबताहेत कसले. मी पोचले तोवर खोकं म्हाताऱ्याच्या टेबलावर होतं आणि हे दिवाळीतल्या पोरासारखे हसत उभे होते. मालकीणबाई ओट्यापाशी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हाताऱ्याने खोकं उचललं. खिडकीपाशी गेला. मान वळवून, खोकं कानाजवळ नेऊन, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागला. तेव्हा मला कळलं त्याला किती कमी दिसतं ते. खोक्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर त्याने अंगठा फिरवला, मग बराच वेळ लावून आकडे वाचले.

"ही तर गेल्या वर्षीची किंमत," तो म्हणाला.

ह्यांचं हसू विरायला लागलं. हे एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा मालकीणबाईंकडे. म्हाताऱ्याने खोकं नाकापाशी नेलं आणि हुंगलं.

"आणि ह्याला वरच्या घराचा वास येतोय."

मला वाटलं, संपलं. आता हा ओरडणार, आम्हाला घराबाहेर काढणार, आणि उद्या रायफल घेऊन जाणारच. पण तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांत खोकं धरून, आणि बायकोच्या दिशेने, तिच्याकडे नाही, तिच्या थोडं बाजूला बघत म्हणाला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "तू काही विसरला नव्हतास."

त्याने मान हलवली. मग खोकं माझ्यापुढे धरलं. "जिथे होतं तिथेच ठेव," म्हणाला. "यंदा टंचाई आहे."

वर आल्यावर मी सगळं सांगितलं, तर हे तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले ते अर्धा तास बाहेर आले नाहीत. आमटी करपली. त्या दिवशी आम्ही दहीभात खाल्ला.

सोमवारी पहाटेपासून रस्त्याने ट्रक जात होते. म्हातारा कोट घालून ओसरीवर बसला होता, हे शेजारी कॉफी घेऊन. जो तो हात करून विचारायचा, "काय, नाही जायचं?" म्हातारा सांगायचा, "काडतुसं मिळाली नाहीत. माझं माप जुनं."

पुढच्या वर्षापर्यंत टंचाई सरली. ट्रकवाले दिसेनासे झाले, भावही उतरले, आणि हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची खोकी दर्शनी फळीवर उतरंडीसारखी रचलेली मी स्वतः पाहिली. मोसमाच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर मालकीणबाईंबरोबर शेंगा सोलत होते, म्हातारा शेजारी खुर्चीत बसला होता. शेजारचा माणूस फाटकाशी थांबला. तोच, झुडपामागचा. त्याच दुकानाची पिशवी हातात होती.

"यंदा तरी मिळाली का काडतुसं?" त्याने विचारलं.

"कुठली रे," म्हातारा म्हणाला. "यंदाही नाहीत."

शेजाऱ्याने हातातली पिशवी हळूच पाठीमागे घेतली.

"हो ना," तो म्हणाला. "मिळतच नाहीत हल्ली."